बोट हेच घर असेल तर: कालव्यावरचे अधिकारी, त्यांच्या नोंदी आणि आपलं खासगीपण

सकाळचे साडेआठ-नऊ वाजलेले असतात. चहा उकळतोय, स्टोव्हमधली राख काढायची राहिली आहे, आणि टोपाथवरून, म्हणजे कालव्याकाठच्या पायवाटेवरून, येणारी पावलं नेमकी आपल्या खिडकीपाशी थांबतात. पडद्याच्या फटीतून हातातल्या यंत्रावर काहीतरी टिपणारा माणूस दिसतो. अर्ध्या मिनिटात तो पुढच्या बोटीकडे जातो. आपण मात्र तासभर अस्वस्थ राहतो: त्याने काय लिहिलं? कुठे लिहिलं? ते कोण वाचणार?

इंग्लंडमध्ये नॅरोबोटवर, म्हणजे अरुंद कालव्यांसाठीच्या लांबट बोटीवर, राहायला लागल्यावर पहिल्या वर्षी मला या पावलांची धास्ती वाटायची. लंडनमधली घरभाडी पाहून बोटीचा विचार करणारे मराठी लोक अधूनमधून मला विचारतात, तेव्हा त्यांचे प्रश्न इंजिन, गॅस आणि थंडीबद्दल असतात. नोंदींबद्दल कोणी विचारत नाही. म्हणून हा लेख. यातली माहिती इंग्लंड आणि वेल्समधल्या कॅनल अँड रिव्हर ट्रस्टच्या पाण्यासाठी आहे. स्कॉटलंडचे कालवे स्कॉटिश कॅनल्सकडे आहेत आणि टेडिंग्टनच्या वरची थेम्स एन्व्हायर्न्मेंट एजन्सीकडे. तिथले नियम वेगळे.

आधी समोरचा माणूस कोण ते ओळखा

2012 पर्यंत हे कालवे ब्रिटिश वॉटरवेज या सरकारी मंडळाकडे होते. त्या वर्षी जुलैत ते ट्रस्टकडे आले. ट्रस्ट ही धर्मादाय संस्था आहे, पण मंडळाचे कायद्याने दिलेले अधिकारही तिच्याकडे आले. सुमारे 2,000 मैलांचं जाळं ती सांभाळते.

टोपाथवर भेटणारी माणसं एकसारखी नसतात. काही जण फक्त बोटींचे नंबर आणि ठिकाण टिपत जातात. त्यांना तुमच्या प्रकरणाची माहिती नसते, निर्णयाचा अधिकारही नसतो, त्यामुळे त्यांच्याशी वाद घालण्यात काहीच हाशील नाही. दुसरे असतात लायसन्स सपोर्ट ऑफिसर. पूर्वी त्यांना एनफोर्समेंट ऑफिसर म्हणत आणि जुने बोटर्स आजही तेच म्हणतात. त्या भागातल्या बोटींच्या नोंदी पाहून ईमेल, पत्रं आणि फोन हे लोक करतात. त्याखेरीज लॉकपाशी, म्हणजे बोट पाण्याच्या वरच्या-खालच्या पातळीवर नेणाऱ्या दरवाजांपाशी, मदत करणारे निळ्या जॅकेटमधले स्वयंसेवक असतात. त्यांचा या कामाशी सहसा संबंध नसतो.

यातलं कोणी पोलीस नाही आणि कोर्टाचा हुकूम बजावणारा बेलिफही नाही. कोणी प्रश्न विचारायला लागलं, की शांतपणे नाव, हुद्दा आणि ओळखपत्र विचारा. आपल्याकडे खाकी कपडा दिसला की आपण आधी उभे राहतो आणि मग विचार करतो. ती सवय इथे सोडावी लागते. विचारणं हा उद्धटपणा मानला जात नाही.

चौदा दिवसांचं मूळ वाक्य पाठ करा

सगळ्या नोंदी ज्या एका गोष्टीसाठी होतात, ती ब्रिटिश वॉटरवेज ॲक्ट 1995 च्या कलम 17 मध्ये आहे. लायसन्ससाठी तीन गोष्टी लागतात: बोट सेफ्टीचा दाखला, विमा, आणि तिसरी म्हणजे एकतर बोट बांधायची (मुरिंगची) कायमची जागा किंवा बोट खरोखर प्रवासासाठी वापरली जाते याबद्दल ट्रस्टचं समाधान. कायमची जागा नसलेल्यांना कंटिन्युअस क्रूझर म्हणतात. त्यांनी एका ठिकाणी सलग 14 दिवसांपेक्षा जास्त थांबायचं नाही, ‘किंवा परिस्थितीनुसार वाजवी ठरेल इतका अधिक काळ’ थांबता येतं.

हा दुसरा भाग फार मोलाचा आहे आणि तोच लोक विसरतात. इंजिन बंद पडलं, कालवा गोठला, नदीला पूर आला, पुढचं लॉक दुरुस्तीसाठी बंद आहे, आपण आजारी आहोत किंवा बाळंतपण आहे, अशा वेळी 14 दिवसांची रेघ दगडावरची नाही.

‘ठिकाण’ म्हणजे नेमकं किती अंतर, हे कायदा सांगत नाही. ट्रस्ट त्याचा अर्थ साधारण ‘परिसर’ असा लावतो. पूल ओलांडून पन्नास फूट पुढे गेलात म्हणजे ठिकाण बदललं असं तो मानत नाही. वर्षभरातला एकूण पल्ला 15-20 मैलांच्या आत असेल तर समाधान होण्याची शक्यता फार कमी, असं ट्रस्टने पूर्वी जाहीर केलं होतं. पण तो आकडा कायद्यात नाही. पत्रव्यवहारात कायदा काय म्हणतो आणि ट्रस्टचं मार्गदर्शन काय म्हणतं, हे दोन वेगळे ठेवा. 1990 मध्ये हे विधेयक संसदेत आलं आणि कायदा व्हायला 1995 उजाडलं. त्या काळात बोटीवर राहणाऱ्यांनी समितीपुढे जाऊन आपली बाजू मांडली होती. कायद्यातले हे मऊ शब्द सहज मिळालेले नाहीत, म्हणून ते वापरायला संकोच करू नका.

कोणती माहिती गोळा होते

बोटीचा इंडेक्स नंबर, म्हणजे नोंदणी क्रमांक, दोन्ही बाजूंना दिसेल असा लावणं बंधनकारक आहे. तो लपवायचा नाही, पुसट होऊ द्यायचा नाही. टिपणारा माणूस हा नंबर, ठिकाण, तारीख आणि वेळ नोंदवतो. गरजेप्रमाणे फोटोही काढले जातात. कार्यालयात हा नंबर तुमचं नाव, पत्ता, फोन, ईमेल आणि लायसन्सच्या पैशांच्या नोंदीशी जोडलेला असतो. त्यात तुमचे फोन, ईमेल आणि अधिकाऱ्याने स्वतः लिहिलेले शेरे यांची भर पडते.

नुसता रंगवलेला नंबर म्हणजे लोखंडावरचे आकडे. तो तुमच्या नावाशी जोडला गेला की इंग्लंडच्या कायद्याच्या दृष्टीने ती वैयक्तिक माहिती होते. यूके जीडीपीआर आणि डेटा प्रोटेक्शन ॲक्ट 2018 हे माहिती संरक्षणाचे कायदे तिला लागू होतात. बंगल्यात राहणाऱ्या माणसाचं घर कोणी दर पंधरवड्याला टिपत नाही. आपलं घर मात्र हलतं आणि ते कुठे हललं याचा नकाशा दुसऱ्याच्या दप्तरात तयार होत असतो. वर्षाच्या नोंदी सलग वाचल्या तर कोणता दवाखाना, कोणती शाळा, कोणाच्या घराजवळ मुक्काम, हे सगळं अंदाजाने कळू शकतं. नोंद ठेवायला कारण आहे हे मला मान्य आहे; वर्दळीच्या जागी बोटी हलल्या नाहीत तर नव्याने येणाऱ्याला जागाच मिळत नाही. पण ही माहिती नाजूक आहे, हेही तितकंच खरं.

स्वतःचा रोजनामचा ठेवा

हे काम पहिल्या दिवसापासून करा. ट्रस्टची नोंद म्हणजे तुमचा सलग प्रवास नव्हे, ती अधूनमधून घेतलेली झलक आहे. समजा पहिल्या तारखेला तुम्ही पुलापाशी दिसलात, तिसऱ्या तारखेला दहा मैल वर गेलात आणि बावीस तारखेला परतीच्या वाटेवर त्याच पुलापाशी पुन्हा टिपले गेलात. मधली फेरी कोणी पाहिली नसेल, तर कागदावर तुम्ही तीन आठवडे एकाच जागी बसलेले दिसता. यात कोणाचा खोटेपणा नाही, नोंदीला तेवढंच दिसतं. उरलेलं तुम्हालाच दाखवावं लागतं.

एक साधी वही पुरते. तारीख, निघण्याची वेळ, कुठून कुठे, कोणती लॉक्स, पुलाचा क्रमांक, इंजिनाचे तास. मुक्काम केल्यावर बोट आणि जवळच्या पुलाची पाटी एकाच चौकटीत येईल असा फोटो काढा. डिझेल, गॅस, पंप-आउटच्या (शौचालयाची टाकी उपसण्याच्या) पावत्या त्याच वहीत ठेवा. पहिल्या वर्षी मी फक्त फोनवर विसंबून होतो. फोन पाण्यात पडला आणि पाच महिन्यांचे फोटो गेले. तेव्हापासून वही शाईने लिहितो आणि दर रविवारी पानांचे फोटो स्वतःला ईमेल करतो.

फोटोत शेजारच्यांचे चेहरे, त्यांची मुलं, त्यांच्या बोटीचे नंबर येणार नाहीत असं पाहा. हे फोटो समाजमाध्यमांवर त्याच दिवशी टाकू नका. बोट रिकामी सोडून तुम्ही कामावर जाता, आणि ती कुठे बांधली आहे हे अनोळखी माणसाला कळायची गरज नाही.

टोपाथवरचं बोलणं

अधिकारी भेटला तर नमस्कार करा, हवापाण्यावर बोला, पण प्रकरणाचं बोलणं लेखी न्या. ‘याबद्दल मला ईमेल करा, मी लेखी उत्तर देईन’ एवढं वाक्य पुरेसं आहे. भांबावलेला माणूस गरजेपेक्षा जास्त बोलतो. घटस्फोट, नोकरी गेल्याची हकीकत, आईचं दुखणं, सगळं सांगून टाकतो आणि त्यातलं अर्धं समोरच्याच्या शेऱ्यात जातं.

भेट झाल्यावर दहा मिनिटांत आपला छोटा पंचनामा लिहा: तारीख, वेळ, जागा, कोण, काय विचारलं, आपण काय सांगितलं. महत्त्वाचं बोलणं झालं असेल तर त्याच दिवशी ईमेल करा, ‘आज आपलं असं बोलणं झालं, माझ्या समजण्यात चूक असेल तर कळवा’. स्वतःच्या वापरासाठी स्वतःचं संभाषण ध्वनिमुद्रित करायला इथे बंदी नाही. ते दुसऱ्यांना पाठवणं किंवा इंटरनेटवर टाकणं मात्र वेगळी गोष्ट आहे आणि त्यातून आपणच अडचणीत येऊ शकतो.

कोणी बोटीच्या आत यायला मागितलं, तर कारण काय आणि कोणत्या अधिकाराने, हे लेखी मागा. लायसन्सच्या अटींमध्ये बोटीवर चढण्याबद्दल लिहिलेलं असतं. त्या अटींवर आपण सही केलेली असते, म्हणून तो भाग आजच काढून वाचा. आग, गॅसगळती किंवा बुडायला लागलेली बोट असेल तर वाद घालू नका, आधी जीव. पोलिसांचे अधिकार वेगळे आहेत, त्यांना अडवू नका. कोणालाही धक्का देणं, शिव्या देणं, वाट अडवणं टाळा. त्याने आपली बाजू क्षणात पडते.

शेजाऱ्यांबद्दलचा प्रश्न आला तर उत्तर एकच: ‘त्यांचं त्यांना विचारा.’ पलीकडच्या बोटीत कोण राहतं, ती कधीपासून उभी आहे, हे सांगणं आपलं काम नाही. कालव्यावरचा शेजार या एका गोष्टीवर टिकतो.

टोपाथ सार्वजनिक असल्यामुळे बोटीचा बाहेरून फोटो काढणाऱ्याला सहसा अडवता येत नाही. खिडकीतून आतला फोटो काढणं वेगळं. टोपाथच्या बाजूला जाड पडदे लावा आणि टेबलावरची बँकेची, दवाखान्याची कागदपत्रं पाण्याच्या बाजूच्या कपाटात ठेवा. बोटीवर नोटीस चिकटवलेली आढळली तर काढण्याआधी तिचा फोटो घ्या. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचता येईल अशा तऱ्हेने तुमचा तपशील उघडा पडला असेल, तर पुढचा पत्रव्यवहार ईमेलने किंवा बंद पाकिटातून करावा असं लेखी कळवा.

जास्त थांबायची वेळ आली तर काय सांगायचं

14 दिवस उलटण्याआधी कळवा. नंतर दिलेलं खरं कारणही सबबीसारखं वाटतं. ईमेलमध्ये बोटीचा नंबर, ठिकाण, कारण एका ओळीत आणि कधीपर्यंत थांबणार ते लिहा. इंजिन बिघडलं असेल तर मेकॅनिकची तारीख किंवा सुटा भाग मागवल्याची पावती जोडा.

आजारपणाबाबत हात आखडता ठेवा. आरोग्याची माहिती कायद्याने विशेष संरक्षित आहे आणि गरजेपुरतीच माहिती घेणं संस्थेवर बंधनकारक आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीत ‘या व्यक्तीला अमुक तारखेपर्यंत बोट चालवणं, लॉक उघडणं शक्य नाही’ एवढं असलं तरी काम भागतं. आजाराचं नाव, औषधं, जुने अहवाल पाठवायची घाई करू नका. अधिक माहिती मागितली तर ती कशासाठी, कोण वाचणार आणि किती दिवस ठेवणार, हे आधी विचारा.

अपंगत्व किंवा दीर्घ आजार असेल तर इक्वॉलिटी ॲक्ट 2010 खाली वाजवी सवलत मागता येते: कमी पल्ला, जास्त मुक्काम, फोनऐवजी ईमेल. ही मागणी ‘रीझनेबल ॲडजस्टमेंट’ याच शब्दांत करा, म्हणजे ती साधी विनंती म्हणून बाजूला पडत नाही. मराठी माणसाला स्वतःचं दुखणं अधिकाऱ्यासमोर मांडायची लाज वाटते, हे मी जवळून पाहिलंय. पाठीच्या दुखण्याने वाकलेला एक मित्र पावसात लॉकचे दरवाजे ढकलत राहिला, पण मागणी केली नाही. करायला हवी होती.

आपलं दप्तर मागवा

वर्षातून एकदा तरी हे करावं, तक्रार असो वा नसो. याला सब्जेक्ट ॲक्सेस रिक्वेस्ट म्हणतात. ती फुकट आहे, विशिष्ट फॉर्म लागत नाही, तोंडीही करता येते. पण आपण लेखीच करू. उत्तर एका महिन्यात यायला हवं. गुंतागुंतीचं असेल तर आणखी दोन महिने घेता येतात, पण तसं त्यांनी पहिल्या महिन्यातच कळवायला हवं. ओळखीचा पुरावा मागू शकतात.

ईमेल इंग्रजीत असेल, पण त्यात हे मुद्दे हवेत: माझं नाव आणि बोटीचा इंडेक्स नंबर अमुक. अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत माझ्याबद्दल ठेवलेली सगळी माहिती द्या. त्यात बोट दिसल्याच्या सर्व नोंदी तारीख, वेळ आणि ठिकाणासह, माझ्या बोटीचे फोटो, फोनवरच्या बोलण्याच्या टिपा, अधिकाऱ्यांचे शेरे आणि माझ्याबद्दलचे अंतर्गत ईमेल यावेत. ही माहिती कोणाला दिली, किती काळ ठेवणार आणि कोणत्या कायदेशीर आधारावर, तेही कळवा.

कालावधी स्पष्ट लिहिल्याने उत्तर लवकर येतं आणि वाचता येईल एवढंच येतं. काही ओळी काळ्या केलेल्या असतील. इतर माणसांची माहिती आणि वकिलांशी झालेली सल्ला-मसलत ते रोखू शकतात.

आता चहा घेऊन बसा, एका हाताला त्यांची यादी, दुसऱ्या हाताला आपली वही. प्रत्येक तारीख ताडून पाहा. चूक दिसली तर दुरुस्तीचा हक्क आहे: ‘अमुक तारखेची नोंद चुकीची आहे, त्या दिवशी मी तमुक ठिकाणी होतो, पुरावा जोडला आहे, दुरुस्त करून कळवा.’ शेरा म्हणजे मत असेल, जसं ‘सहकार्य करत नाही’, तर ते खोडलं जाईलच असं नाही. पण आपली हरकत त्या नोंदीसोबत जोडायला सांगता येते, आणि पुढे तीच कामाला येते.

स्वतःबद्दलची नव्हे तर धोरणाबद्दलची माहिती हवी असेल, उदाहरणार्थ नोंदी घेणाऱ्यांना दिलेल्या सूचना, तर रस्ता वेगळा. ब्रिटिश वॉटरवेजकडून आलेल्या वैधानिक कामांपुरता ट्रस्टला माहिती स्वातंत्र्याचा 2000 चा कायदा लागू आहे. आपल्या माहिती अधिकाराच्या अर्जासारखंच हे. दोन्ही मागण्या एका पत्रात मिसळू नका.

उत्तर आलं नाही, किंवा पटलं नाही

आधी ट्रस्टच्या अंतर्गत तक्रारीचे टप्पे पूर्ण करा. मग प्रश्न माहितीचा असेल तर इन्फर्मेशन कमिशनरच्या कार्यालयाकडे जा. शेवटच्या ठोस पत्रव्यवहारापासून तीन महिन्यांच्या आत गेलेलं बरं. प्रश्न वागणुकीचा किंवा कारभाराचा असेल तर वॉटरवेज ऑम्बुड्समन, म्हणजे स्वतंत्र तक्रार निवारक. एकाचं काम दुसऱ्याकडे नेलं की महिने वाया जातात.

‘सेक्शन 8’ हे शब्द दिसले की

इथे सावकाशी चालत नाही. ब्रिटिश वॉटरवेज ॲक्ट 1983 च्या कलम 8 खाली, लायसन्स नसलेली किंवा परवानगीशिवाय उभी असलेली बोट 28 दिवसांच्या नोटिशीनंतर पाण्यातून काढून नेता येते. त्याआधी बहुतेकदा स्मरणपत्रं येतात, बाराऐवजी सहा महिन्यांचं लायसन्स मिळतं, मग लायसन्स रद्द होतं. म्हणून पहिल्या स्मरणपत्रालाच वहीच्या पानांसह उत्तर द्या.

बोटीत कोणी राहत असेल तर ट्रस्ट सहसा आधी कोर्टाचा हुकूम मागतो. कारण ह्यूमन राइट्स ॲक्ट 1998 मुळे युरोपीय मानवी हक्क कराराचं कलम 8 लागू होतं: खासगी जीवन, घर आणि पत्रव्यवहार यांचा आदर. दोन्ही ठिकाणी आकडा आठच आहे, गोंधळू नका. एक कलम बोट काढून नेण्याचं, दुसरं घर राखण्याचं. बोटीवर राहणाऱ्याचं घर जाणार असेल तर ती कारवाई प्रमाणात, म्हणजे गरजेइतकीच आहे का, हा मुद्दा बचावात मांडता येतो, हे 2017 मध्ये अपील न्यायालयापुढच्या एका खटल्यातून स्पष्ट झालं.

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ हे आपण ऐकत वाढलो. पण कागद आलेच तर न जाणं हाच सर्वांत मोठा धोका. कोर्टाचे कागद मिळाल्यावर पहिलं उत्तर द्यायला सहसा 14 दिवस असतात. घर जाण्याच्या प्रकरणात राहती बोट घर म्हणून धरली जाते आणि उत्पन्न कमी असेल तर लीगल एड, म्हणजे सरकारी खर्चाने कायदेशीर मदत, मिळू शकते. सिटिझन्स ॲडव्हाइस या मोफत सल्ला देणाऱ्या संस्थेकडे त्याच आठवड्यात जा. नॅशनल बार्जी ट्रॅव्हलर्स असोसिएशन ही 2009 पासून काम करणारी बोटर्सची संघटनाही मार्गदर्शन करते.

पत्ता, मतदान, कॅमेरा

ट्रस्टला, बँकेला आणि दवाखान्याला एकच विश्वासाचा टपालपत्ता द्या आणि ज्याच्या घराचा पत्ता आहे त्याची परवानगी लेखी घ्या. कोणाचा आधार नसेल तर देशातलं टपाल पोस्ट ऑफिसात दोन आठवडे ठेवण्याची पोस्ट रेस्टांट सोय आहे. डॉक्टरकडे नाव नोंदवायला पत्त्याचा पुरावा सक्तीचा नाही. खिडकीवर नकार मिळाला तर हे शांतपणे सांगा. व्हिसावर असाल तर नोकरी प्रायोजित करणाऱ्या कंपनीकडची आणि तुमच्या व्हिसा खात्यातली माहिती अद्ययावत ठेवा.

भारतीय नागरिकांना, पात्र राष्ट्रकुल नागरिक म्हणून, इथे मतदानाचा हक्क आहे. कायम पत्ता नसलेल्यांनी ‘डिक्लरेशन ऑफ लोकल कनेक्शन’, म्हणजे त्या भागाशी आपला संबंध असल्याचं निवेदन, असलेला अर्ज भरायचा. तो भरताना मतदारांच्या खुल्या यादीतून नाव वगळायला सांगा, नाहीतर ती यादी कोणालाही विकत घेता येते.

बोटीवर कॅमेरा लावताना तो आपल्या डेकवर रोखा. टोपाथवरचे लोक त्यात येऊ लागले की माहिती संरक्षणाचा तोच कायदा आपल्यावर लागू होतो: पाटी लावा, चित्रण वेळच्या वेळी पुसा, कोणी मागितलं तर त्याचं चित्रण द्या. जो आदर आपण मागतो, तो टोपाथवरून शाळेत जाणाऱ्या मुलांनाही मिळायला हवा.

आणि बोट विकाल तेव्हा इंडेक्स नंबर बोटीसोबत जातो, तुमचं नाव मात्र कळवेपर्यंत त्याला चिकटून राहतं. विक्रीची तारीख आणि वेळ लिहिलेल्या पावतीवर दोघांच्या सह्या घ्या, त्याच दिवशी ट्रस्टला ईमेल करा आणि खातं बंद झाल्याचं लेखी उत्तर येईपर्यंत वही सांभाळून ठेवा.